हाड गाडीला जुळवायचं की गाडी हाडाला

लातूरला माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे, चौदा वर्षं झाली. ही गोष्ट २९ सप्टेंबर २०२५ ची, सोमवारची. त्या आठवड्यात मराठवाड्यात पावसानं काय केलं ते सगळ्यांना माहितीये, सोयाबीन पाण्यात उभं, खेड्यातले रस्ते बंद, त्यामुळं आज कुणी येत नाही असं धरूनच मी नऊला शटर वर केलं, तर दोन पेशंट पायरीवर बसलेले आणि त्यांचं जोरात भांडण चालू.

एक बावीस वर्षांचा पोरगा, उजव्या मनगटाला स्प्लिंट. दुसरे आमचे मेस्त्री मामा, स्वतःचं गॅरेज आहे, पन्नाशी ओलांडलेली, शुगर आहे आणि शुगरवाल्यांना होतो तसा खांदा जाम झालेला, म्हणजे फ्रोझन शोल्डर. भांडण कशावरून, तर आदल्या दिवशी जपानला मोतेगीच्या मोटोजीपी रेसमध्ये, म्हणजे मोटरसायकलींच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये, स्पेनचा मार्क मार्केझ दुसरा आला आणि पाच रेस बाकी असतानाच वर्ल्ड चॅम्पियन झाला. पोरगा म्हणे, "मॅडम, रानात कंबरेएवढं पाणी हाय, घरचे सगळे टेन्शनमध्ये, पण काल साडेदहाला मोबाईलवर रेस बघितलीच. नववं टायटल!" मामा म्हणाले, "नऊ तर रॉसीचेबी नऊच हायेत की."

आणि खरंच आहे ते. रॉसी म्हणजे इटलीचा जुना रेसर, त्याचे एकूण नऊ, त्यातले सात मोठ्या क्लासमधले, म्हणजे सगळ्यात ताकदवान गाड्यांच्या गटातले. मार्केझचेही आता एकूण नऊ, मोठ्या क्लासमधले सात. आकडा तंतोतंत सारखा झाला म्हणूनच भांडण पेटलं होतं. मग मामा रेसच्या विजयांवर आले, मोठ्या क्लासमध्ये रॉसीचे ८९ आणि मार्केझचे त्या दिवशीपर्यंत ७३. पोरगा म्हणाला रॉसी ४२ वर्षांचा होईपर्यंत खेळला, मार्केझची मधली चार वर्षं दुखापतीत वाया गेली, ती धरा की. मामा म्हणाले, मग त्याच्याही आधीच्या जमान्यातल्या अगोस्तिनीचे पंधरा टायटल आहेत, त्याचं काय करायचं.

मला हे सगळं जुलैपर्यंत काहीच माहीत नव्हतं. कुठला रॉसी आणि कुठला मार्केझ, माझा काय संबंध. शिकले ते ह्या पोरामुळं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात डर्ट बाईकची प्रॅक्टिस करताना उडीवरून पडला. मातीच्या ट्रॅकवरच्या रेस खेळतो तो, दोन-चार ठिकाणी बक्षिसंही घेतलीयेत. उजव्या दंडाचं हाड मधून मोडलं, ऑपरेशन करून प्लेट बसवली, हाड छान जुळलं, पण मनगट पडलं. दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून रेडियल नावाची नस जाते, झाडाला वेल चढते तशी अगदी चिकटून, आणि मधल्या भागात हाड मोडलं की साधारण दहातल्या एका पेशंटला ती नस मार खाते. मग हात असा लोंबतो, मनगट वर येत नाही, बोटं सरळ होत नाहीत, मूठ वळायला गेलं तरी ताकद लागत नाही कारण मनगट मागं धरणारं कुणी उरलेलं नसतं. बऱ्याच जणांची नस आपणहून परत येते. पण ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, महिन्याला तीन सेंटीमीटर. ह्यात घाई कुणालाच करता येत नाही, डॉक्टरलाही नाही.

चौथ्या आठवड्यात हा पठ्ठ्या स्प्लिंट न घालता आला. विचारलं तर म्हणतो, "मॅडम, मी गाडी चालवायलोय. थोडीच, गल्लीतच. मार्केझ तर ऑपरेशन झाल्यावर चौथ्या दिवशी रेसच्या गाडीवर बसला होता, त्याचंबी हेच हाड, हाच हात." मी त्याला त्या दिवशी काही बोलले नाही, रागच इतका आला होता. रात्री घरी बसून सगळं वाचून काढलं.

तर ते असं. १९ जुलै २०२०, स्पेनमधलं हेरेझ, मार्केझ पडला आणि उजव्या दंडाचं हाड मोडलं. मंगळवारी ऑपरेशन, शनिवारी हा प्रॅक्टिसला ट्रॅकवर. नंतर त्यानं माघार घेतली, पण तोवर त्या प्लेटवर ताण येऊन गेलेला, आणि थोड्याच दिवसांत घरी खिडकी उघडताना प्लेटच गेली. दुसरं ऑपरेशन ऑगस्टमध्ये. हाड तरीही जुळेना, डिसेंबरमध्ये तिसरं, आठ तासांचं, त्यात इन्फेक्शन सापडलं आणि कंबरेचं हाड काढून तिथं भरावं लागलं. मग हाड जुळलं, पण फिरून, वाकडं जुळलं. जून २०२२ मध्ये अमेरिकेत चौथं ऑपरेशन, त्यात ते हाड कापून तीस अंशांहून जास्त फिरवून परत बसवलं. बरं, त्याची नस वाचली होती, ह्या पोराची तेवढीही वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याला समोर बसवून हे सगळं सांगितलं आणि विचारलं, तू मला चार दिवसांची गोष्ट सांगितलीस, पुढच्या चार वर्षांची कोण सांगणार? तो गप्प बसला. शेजारच्या टेबलावर मामा शेक घेत होते, ते उठून बसले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही डूहान वाचा."

मग मी डूहान वाचला, आणि खरं सांगते, तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यातनं जात नाही. मिक डूहान, ऑस्ट्रेलियाचा. १९९२ मध्ये पॉइंट्समध्ये भरपूर पुढं असताना हॉलंडच्या आसेनला पडला, उजवा पाय मोडला, ऑपरेशननंतर गुंतागुंत होऊन पाय कापायचीच वेळ आली. रेसिंगमधले इटलीचे डॉक्टर कोस्टा त्याला तिथून घेऊन गेले आणि रक्तपुरवठा टिकावा म्हणून त्याचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून ठेवले. त्याच सीझनच्या शेवटी तो परत आला आणि फक्त चार पॉइंटनी टायटल हुकलं, वेन रेनीला मिळालं. पाय वाचला पण उजवा घोटा पहिल्यासारखा हलेना, आणि मागचा ब्रेक तर उजव्या पायानंच मारायचा असतो. मग त्यानं काय केलं, मागचा ब्रेक डाव्या हँडलवर आणला, अंगठ्यानं दाबायचा. त्यानंतर १९९४ ते १९९८, सलग पाच टायटल. आणि आज धडधाकट पायाचे रेसरसुद्धा तो अंगठ्याचा ब्रेक वापरतात!

माझ्या दृष्टीनं ह्या दोघांची खरी तुलना इथं आहे. डूहाननं गाडी आपल्या पायाला जुळवून घेतली. मार्केझनं हाड गाडीला जुळवलं, अक्षरशः कापून फिरवून. कोण मोठा हे मला ठरवता येत नाही, पण हे टायटल मोजून कळणार नाही एवढं नक्की. २०२१ मध्ये मार्केझ दुखापतीनंतर पहिली रेस जिंकला ती जर्मनीत झाक्सेनरिंगला, आणि त्या ट्रॅकवर दहा वळणं डावीकडची, उजवीकडची फक्त तीन. तिथं तो आधीपासूनच अजिंक्य होता हे खरं, पण उजवीकडची वळणं कमी म्हणजे उजव्या हाताला त्रास कमी, त्यामुळं उजवा हात अर्धाच चालणाऱ्या माणसाला तोच ट्रॅक का लाभला हे मला फिजिओ म्हणून लगेच कळलं.

मामांचं मोजमाप वेगळं, गाडी बदलली की रेसर कळतो म्हणतात. २००४ ला रॉसी जिंकती होंडा सोडून यामाहावर गेला, त्या यामाहाला १९९२ नंतर मोठं टायटल मिळालं नव्हतं, आणि हा पहिलीच रेस जिंकला, वर्षाच्या शेवटी टायटलसुद्धा. "पण सोबत कोण नेला होता, मॅडम? बर्जेस! डूहानचाबी मेस्त्री तोच." हे सांगताना मामांचा चेहरा बघण्यासारखा असतो. मग पोरगा स्टोनर काढतो, कारण इटलीच्या डुकाटी गाडीवर ऑस्ट्रेलियाचा केसी स्टोनर चार वर्षांत २३ रेस जिंकला आणि त्याच डुकाटीवर रॉसी आला तर दोन वर्षांत एकही नाही. इथं मामा दरवेळी गप्प व्हायचे. त्या सोमवारी मात्र मी मध्ये पडले, म्हणलं रॉसी डुकाटीवर पहिला सीझन खेळायला उतरला तेव्हा त्याच्या उजव्या खांद्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. साडेतीनशेच्या वेगातनं ब्रेक मारताना अंगाचा सगळा भार दोन्ही हातांवर येतो. मामांनी स्वतःच्या जाम खांद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आता ह्या खांद्यानं मला मांडणीवरचा कपबी काढता येईना, अन् तो रेस खेळला." एवढ्या एका गोष्टीनं सगळी हारजीत फिरत नाही हे मलाही कळतं, स्टोनर त्या गाडीवर काहीतरी वेगळंच करत होता. पण आकड्यामागं एक अंग असतं ते कुणी विचारत नाही.

असो. पोराला टेबलावर घेतलं.

पंधरा दिवसांपूर्वी कोपराजवळचा पहिला स्नायू जागा झालेला मला दिसला होता. ही नस परत येताना क्रमानं येते, आधी कोपराजवळ, मग मनगट, मग बोटं, सगळ्यात शेवटी अंगठा. दर आठवड्याला मी दंडापासून खाली टिचक्या मारत जाते, जिथं हातात करंट गेल्यासारखं होतं तिथंपर्यंत नस पोचली असं धरायचं, आणि तिथं पेनानं खूण करून माप फाईलमध्ये लिहायचं. खूण खाली सरकत होती, पण मनगट मात्र बारा आठवडे मेल्यासारखं.

गुळगुळीत बोर्डवर टाल्कम पावडर टाकली, हात आडवा ठेवला, अंगठा छताकडं, म्हणजे मनगटाला वजन उचलावं लागत नाही, नुसतं सरकायचं. माझं एक बोट त्याच्या मनगटाच्या मागच्या बाजूला, तर्जनीच्या रेषेत, जिथनं ती दोरी जाते. म्हणलं, आण मागं. काही नाही. परत आण. काही नाही. तिसऱ्यांदा माझ्या बोटाखाली दोरा ओढल्यासारखं झालं. मला वाटलं माझंच बोट थरथरलं. चौथ्यांदा हात पावडरवर सरकला, बोटभर, आणि पावडरीत त्याची रेघ उमटली.

मामांनी खांद्याच्या व्यायामाचं चाक, शोल्डर व्हील, सोडलं आणि तिथंच उभे राहिले. पोरगा त्या रेघेकडं बघत होता. मग म्हणाला, "मॅडम, हे मी केलं का?"

मी म्हणलं, व्हय बाबा, तूच केलंस. माझ्याही डोळ्यात पाणी आलं, लपवलं नाही.

महिन्याभरापूर्वी मामांनी गॅरेजमधनं भंगारातल्या एका स्प्लेंडरचं अर्धं हँडल कापून आणलं होतं, उजवीकडचं, ग्रिपसकट, आतून केबल आणि केबलला एक स्प्रिंग अडकवलेली, म्हणजे खऱ्या अॅक्सिलेटरसारखं मागं खेचणारं. ते कोपऱ्यात पडून होतं. अॅक्सिलेटर पिळायचा म्हणजे मनगट मागंच न्यायचं असतं, नेमकी तीच हालचाल. पोरानं त्या हँडलकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हणलं, स्प्रिंग काढून. मामांनी खिशातनं पक्कड काढली, एका झटक्यात स्प्रिंग सोडवली आणि खिशात टाकली. हँडल टेबलाला बांधलं. दुसऱ्या हातानं बोटं ग्रिपवर गुंडाळून दिली, कारण बोटं अजून उघडत नव्हती, आणि त्यानं पिळलं. फार नाही, पाव वळसाही नाही. ग्रिप फिरली. खोलीत गाडी नाही, आवाज नाही, बाहेर नुसता पाऊस, आणि हा डोळे मिटून ती ग्रिप हळूहळू पिळतोय आणि सोडतोय. दहा वेळा झाल्यावर मी थांबवलं, थकलेल्या नसेला पिळून चालत नाही.

पुढच्या सोमवारी परत दोघं सोबत आले, पण भांडण नव्हतं. आदल्या दिवशी इंडोनेशियात पहिल्याच लॅपला मागच्या गाडीनं धडक दिली आणि मार्केझ पडला, उजवाच खांदा. पुढं त्याचं ऑपरेशन झालं आणि उरलेल्या सीझनमध्ये तो गाडीवर बसला नाही, बरा होईपर्यंत थांबला. त्या सोमवारी मात्र आम्हाला ते माहीत नव्हतं. पोरगा बोर्डवर हात ठेवून मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, ह्या बारीला तरी त्यानं थांबावं."

त्या दिवशी मनगट तीन बोटं सरकलं. मामांनी खिशात हात घालून ती स्प्रिंग काढली, तळहातावर ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, अजून नाही मामा, पंधरा दिवसांनी बघू. त्यांनी ती परत खिशात ठेवली.