बाहुलीवर हसा, पण त्या गोळीचं काय?

क्लिंट ईस्टवुडचा २०१४ चा 'अमेरिकन स्नायपर'चा विषय निघाला की निम्मे लोक त्या खोट्या बाळावरच अडकतात. नायक ब्रॅडली कूपरच्या हातात बाळ म्हणून दिलेली बाहुली ओळखू येते, मान्य. पण तेवढ्यासाठी अख्खा सिनेमा मोडीत काढायचा?

माझा राग वेगळाच आहे. शेवटचा तो २१०० यार्डांचा, म्हणजे जवळपास १.९ किलोमीटरवरचा नेम! गोळी संथपणे तरंगत जाते आणि टिपते कोणाला, तर शत्रूचा स्नायपर मुस्तफाला. सिनेमा ज्याच्यावर आहे त्या ख्रिस काइलच्या, म्हणजे इराक युद्धात लढलेल्या खऱ्या अमेरिकी स्नायपरच्या, स्वतःच्या सांगण्यानुसार इतक्या लांबून त्याने मारला तो रॉकेट लाँचरवाला माणूस. मुस्तफाशी जुगलबंदी ही पटकथेची करामत. माझ्या मेव्हण्याला नेमका हाच प्रसंग आवडतो; त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

काहींना यात युद्धाचा उदोउदो दिसतो. मला तसं पूर्णपणे वाटत नाही. सुरुवातीला छतावरून बंदुकीच्या दुर्बिणीत बाई आणि मूल दिसतं, तिथे शिट्टी वाजवावीशी कोणाला वाटेल? आवाज मात्र जबरदस्त. ऑस्कर मिळालं तेही ध्वनिसंपादनालाच. बघणार असाल तर हेडफोन लावा.