रुबी मायर्स, पुण्याची

आज दिवसभर रुबी मायर्स डोक्यातून जात नाहीये, म्हणून जेवणं आवरली आणि लिहायला बसले.

सुलोचना म्हटलं की आपल्याकडे सुलोचनादीदी आठवतात, नाहीतर लावणीवाल्या सुलोचना चव्हाण. पण या दोघींच्या आधी एक सुलोचना होऊन गेली, मूकपटांतली. खरं नाव रुबी मायर्स, बगदादी ज्यू घरातली, आणि जन्म १९०७ चा, आपल्या पुण्यातला. मी कॅम्पात वाढले, लाल देवळावरून रोज शाळेत गेले, ते ज्यूंचं सिनेगॉग आहे आणि डेव्हिड ससूनची कबर तिथेच आहे हेही माहीत होतं, ससून हॉस्पिटल तर अख्ख्या पुण्याचं, पण याच समाजातली एक पुण्यात जन्मलेली मुलगी विसाच्या दशकात देशातली सगळ्यात मोठी फिल्मस्टार झाली हे मला ना शाळेत कुणी सांगितलं ना घरात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

ती टेलिफोन ऑपरेटर होती. दिसायला देखणी, तपकिरी डोळ्यांची, कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला सिनेमात काम करतेस का म्हणून विचारलं तर ती सरळ नाही म्हणाली. आणि का म्हणणार नाही? तेव्हा सिनेमात काम करणं म्हणजे बाईनं नाव घालवणं. फाळक्यांना १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीसाठी बाई मिळाली नाही, शेवटी अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवावं लागलं, मग त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई उभ्या राहिल्या, आपल्या मराठी मायलेकी, पण त्यानंतर दहा-बारा वर्षं झाली तरी घरंदाज म्हणवणाऱ्या घरातल्या मुली काही येत नव्हत्या. माझी आजीसुद्धा सिनेमातल्या बायकांबद्दल बोलताना आवाज खाली आणायची, आणि ती तर कितीतरी नंतरच्या पिढीतली. या अशा काळात अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुली पुढे आल्या, पेशन्स कूपर, रेनी स्मिथ म्हणजे सीता देवी, सुसान सॉलोमन म्हणजे फिरोजा बेगम. बऱ्याच जणी नावं बदलून आल्या. रुबीची सुलोचना झाली. भवनानी मागेच लागले होते, शेवटी ती हो म्हणाली, अभिनय कशाशी खातात हे माहीत नसताना, आणि १९२५ च्या 'वीर बाला'पासून सुरुवात झाली.

मला सगळ्यात आवडतं ते तिच्या पुढच्या सिनेमांची नावं वाचायला. 'टायपिस्ट गर्ल', 'टेलिफोन गर्ल', 'सिनेमा क्वीन', तिन्ही १९२६ चे. मग 'इंदिरा बी.ए.' १९२९ मध्ये. पौराणिक सती-सावित्र्या पडद्यावर चालू असताना ही बाई नोकरी करणारी, शिकलेली, शहरातली मुलगी होऊन समोर येत होती, आणि टेलिफोन गर्ल तर ती खरोखरची होती की! आणि 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे', १९२७. त्यात तिनं आठ रोल केले, आठ, त्यात माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचं पोर, केळीवाली, गोरी युरोपियन बाई. वीस वर्षांची पोरगी पोलिसाचा ड्रेस घालून, मिशा लावून पडद्यावर आली असेल तेव्हा थेटरात काय गोंधळ झाला असेल. हे मला बघायचं होतं. बघता येणार नाही, ते पुढे लिहिते.

नंतर ती अर्देशीर इराणींच्या इंपीरियल फिल्म कंपनीत गेली. 'माधुरी', 'अनारकली', 'हीर रांझा', एकामागून एक हिट. 'अनारकली'च्या वेळी तर दुसरी कंपनी त्याच गोष्टीवर मोठा सिनेमा काढत होती तर इंपीरियलनं घाई करून आपला आधी लावला आणि सुलोचनाच्या जोरावर तोच चालला. महात्मा गांधी खादी प्रदर्शनाचं उद्घाटन करतायत अशी एक छोटी फिल्म दाखवली जायची, तिच्याबरोबर 'माधुरी'मधला सुलोचनाचा डान्स आवाजासकट जोडलेला असायचा. गांधीजी आणि सुलोचना एका खेळात, यावरून ती किती लोकप्रिय होती ते समजतं. महिना ५००० रुपये पगार आणि शेवरोले गाडी असं तिच्याबद्दल जिथे तिथे लिहिलेलं आहे, आणि मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा तिचा पगार जास्त असं लोक म्हणायचे.

आणि मग १९३१ आलं. १४ मार्चला गिरगावात मॅजेस्टिकला 'आलम आरा' लागला, पहिला बोलपट, काढला कोणी तर इंपीरियलनंच, म्हणजे तिच्याच कंपनीनं. आणि हिरोईन जुबेदा. सुलोचनाचं नाव आधी ठरलं होतं पण तिला हिंदुस्थानी नीट बोलता येत नव्हतं म्हणून ते गेलं. मी इथेच अडकून पडलेय सकाळपासून. मूकपटात भाषेचा प्रश्नच नव्हता, पाट्या यायच्या हिंदी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, कुणीतरी शेजारी मोठ्यानं वाचून दाखवायचं, चेहरा आणि अंग बोललं की झालं. आता एका दिवसात सगळं उलटं. वय चोवीस, देशातली नंबर एकची नटी, आणि तिला कळतं की पुढच्या सिनेमात आपण तोंड उघडलं तर लोक हसतील. तेव्हाच्या कितीतरी नट-नट्या इथेच संपल्या. हिनं काय केलं तर एक वर्ष काम थांबवलं आणि भाषा शिकली. बस, शिकली. माझी बहीण लग्नानंतर जर्मनीत आहे, तिथली भाषा शिकतेय, मी फोनवर ऐकते ना, शिकल्यासवरल्या माणसाला परत लहान मुलासारखं चुकत चुकत बोलायला किती लाज वाटते. आणि ही तर स्टार, तिचं चुकणं अख्ख्या इंडस्ट्रीनं पाहिलं असतं. १९३२ मध्ये ती परत आली आणि आली तीसुद्धा 'माधुरी' घेऊनच, आता बोलणारी. मग 'इंदिरा एम.ए.' १९३४ मध्ये, बी.ए.ची एम.ए. झाली, १९३५ मध्ये बोलकी 'अनारकली', १९३६ मध्ये 'बंबई की बिल्ली', म्हणजे जी-जी मूकपटात गाजवली होती तीच परत आवाजात करून दाखवली. माझ्या मते तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आठ रोलपेक्षाही मोठी, पण लिहिणारे पगारावर आणि गाडीवर परिच्छेद लिहितात आणि हे एका ओळीत उरकतात.

पुढचं थोडक्यात, कारण ते लिहायला मला जड जातंय. तिचे हिरो डी. बिलिमोरिया यांच्याबरोबरची पडद्यावरची जोडी १९३९ पर्यंत चालली, ती तुटली, दोघांचंही काम कमी झालं. रुबी पिक्स नावाची स्वतःची कंपनी तिनं काढली होती. १९४७ मध्ये 'जुगनू' आला, दिलीपकुमार-नूरजहाँचा, त्यात तिला छोटं काम. त्या सिनेमावर मोरारजी देसाईंनी बंदी घातली, आणि कारण काय सांगतात तर एक वयस्क प्रोफेसर तिच्या प्रेमात पडतो हे दाखवणं म्हणजे अनीती. ती तेव्हा चाळीशीची. चाळीस वर्षांच्या बाईवर कुणी प्रेम केलं तर समाज बिघडतो, हे वाचून आजही डोकं फिरतं माझं.

आणि १९५३ ची 'अनारकली', बीना रायवाली. त्यात सुलोचना सलीमची आई, जोधाबाई. दोनदा स्वतः अनारकली झालेली बाई तिसऱ्यांदा सासू होऊन उभी राहिली. लोक याला शोकांतिका म्हणतात, मला नाही तसं वाटत. काम आलं, तिनं केलं. टेलिफोनच्या स्विचबोर्डवर बसणारी बाई होती ती, कामाला कमी समजणारी नव्हती. १९७५ च्या 'जुली'त आहे, १९७८ च्या 'खट्टा मीठा'त आहे, सत्तरीची झाली तरी कॅमेऱ्यासमोर. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला, म्हणजे ज्या फाळक्यांना बाई मिळत नव्हती त्यांच्याच नावाचा. १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत गेली.

आपल्याकडचे बहुतेक सगळे मूकपट नष्ट झालेत. नायट्रेटची फिल्म, भसकन पेटणारी, नाही पेटली तर उष्णतेनं आणि दमटपणानं कुजणारी, काहींची तर चांदी काढायला विकली गेली. 'वाइल्डकॅट'मधला तो पोलीस आणि ती केळीवाली कुणालाच बघता येणार नाही. देशाचं फिल्म अर्काइव्ह १९६४ पासून पुण्यातच आहे, लॉ कॉलेज रोडला, तिच्या जन्मगावात, पण तिथे यायच्या आधीच हे सगळं संपलं होतं. तिथे जाऊन तिचे स्टिल्स बघायला मिळतात का ते पुढच्या आठवड्यात विचारणार आहे. तोवर १९५३ ची 'अनारकली' लावून जोधाबाईचे सीन बघणार, आणि तुम्ही कुणी बघणार असाल तर बीना रायवरून नजर काढून जरा तिच्याकडे बघा.