जानेवारी १९३६ चा अंक

मुंबईच्या आपल्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजबद्दल बोलायला उभा राहिलेला प्रत्येक जण १८५५ पासून, म्हणजे कॉलेजच्या स्थापनेपासून सुरुवात करतो आणि पालखीवाला, नरीमन, सोराबजी अशी इथे शिकलेल्या नामवंत वकिलांची नावं घेतो. ती घ्यायलाच हवीत. मला मात्र या स्मरणिकेत कॉलेजच्या मॅगझिनबद्दल लिहायचं आहे. ज्यांची नावं कुठल्याच भाषणात येत नाहीत, ते आपण सगळे तिथे आहोत.

बाबासाहेब आंबेडकर जून १९३५ मध्ये इथे प्राचार्य झाले. १३ ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि देशभर खळबळ उडाली. डिसेंबरात लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाचं भाषणाचं निमंत्रण आलं. या सगळ्या धामधुमीत जानेवारी १९३६ च्या कॉलेज मॅगझिनमध्ये त्यांचा लेख आला. विषय होता मुंबई इलाख्यातल्या कायदेशिक्षणाची सुधारणा. प्राचार्य म्हणून शुभेच्छांच्या चार ओळी दिल्या असत्या तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण वकील घडवायचा तर त्याला काय शिकवलं पाहिजे, याचा त्यांनी मुळापासून विचार मांडला, आणि तो विद्यार्थ्यांच्या मासिकात. हा लेख आता राज्य शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या सतराव्या खंडात आहे. कुणीतरी तो अंक रद्दीत घातला नाही, म्हणून तो तिथवर पोचला.

आमच्या वेळी, सत्तरच्या दशकाअखेरीस, अंक छापखान्यात शिशाच्या खिळ्यांवर, म्हणजे सुट्या अक्षरांनी जुळायचा. फोटोचा ब्लॉक करायचा म्हणजे खर्च, त्यामुळे एका ग्रुप फोटोत जितके मावतील तितके बसवायचे. सकाळची लेक्चर्स करून बँकेत, एलआयसीत, मंत्रालयात कामाला जाणारी मुलं फोटोच्या दिवशी हटकून गैरहजर असायची. त्यांची नावं खाली वेगळ्या ओळीत छापावीत, असा मी प्रूफं तपासताना आग्रह धरत असे.

गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माझ्या एका मित्राने तेव्हा १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यावर लिहिलं होतं. १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठलेली भाडी, त्यामुळे दुरुस्तीला हात न लावणारे मालक, आणि कायद्याने बंदी असूनही राजरोस चालणारी पागडी, म्हणजे जागा देताना भाड्याव्यतिरिक्त घेतलेली रक्कम. पुस्तकातलं थोडं आणि घरातलं पुष्कळ, असा तो लेख होता. आमच्या अंकांतला सर्वांत चांगला लेख तोच, असं माझं आजही मत आहे. पुढे तो तालुक्याच्या गावी गेला आणि आयुष्यभर तिथल्याच कोर्टात भाडेकरूंचे दावे लढला. खालच्या कोर्टांचे निकाल लॉ रिपोर्टमध्ये छापले जात नाहीत. तो कायदाही २००० साली गेला, त्याच्या जागी नवा आला. त्या मित्राची वकील म्हणून समज काय दर्जाची होती, हे दाखवणारा छापील कागद म्हणजे मॅगझिनमधला तो लेख एवढाच.

हल्ली फोटो फोनमध्ये असतात आणि फोन बदलला की जातात. म्हणून प्रत्येक बॅचला माझी कळकळीची विनंती आहे. माळ्यावर, ट्रंकेत, वडिलांच्या कपाटात जुने अंक असतील तर ते ग्रंथालयात आणून द्या. मुखपृष्ठ गेलेलं असो, कसर लागलेली असो, चालेल. माझ्याकडचे अंक मी या समारंभालाच घेऊन येतो आहे. स्कॅनिंग सुरू होईल तेव्हा आधी फोटोखालच्या नावांची पानं घ्यावीत, मग लेखांची.