आईच्या पोलक्याच्या तीन शिवणी

रविवारी सकाळी ठाण्याहून पनवेलची गाडी पकडून मी बेलापूरला उतरले, तेव्हा पिशवीत आईचे हिरवे सुती पोलके होते. हातकागदाच्या कार्यशाळेला येताना घरातल्या एखाद्या बाईचा जुना सुती कपडा आणावा, अशी सूचना होती. नायलॉन चालत नाही, कारण त्याचा लगदा होत नाही. कापसाचे तंतू मात्र पाण्यात कुटून सुटे केले, की वाळताना पुन्हा एकमेकांना घट्ट धरतात आणि चिंध्यांचा ताव होतो.

पोलके कापायला माझा हात धजेना. शिकवणाऱ्या बाईंनी ते ओळखले. फक्त बाह्यांचे तुकडे लगद्यात टाका आणि अंगाचा भाग ओल्या तावावर दाबा, असे त्यांनी सुचवले. हौदात चाळणीची चौकट बुडवून वर उचलली, पाणी निथळले, ताव कांबळ्यावर उलटवला, त्यावर पोलके पसरून दाब दिला. सोलून काढल्यावर प्रथम काहीच दिसेना. ताव खिडकीच्या तिरप्या उजेडात धरला, तेव्हा काखेपासून कमरेपर्यंत सुईच्या टिंबांच्या तीन रेघा उमटलेल्या दिसल्या. शिंप्याने आत माया, म्हणजे शिवणीपलीकडचे जादा कापड, ठेवली होती आणि आईचे अंग भरत गेले तसतशी शिवण उसवून बाहेर सरकत गेली होती. शिल्पकार आणि मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांनी १९७० च्या दशकात कागदाच्या लगद्यात पांढऱ्यावर पांढऱ्या जखमा उमटवल्या. आकृती न काढताही देह कसा दिसतो, हे मला त्या क्षणी उमगले.

म्हणूनच दुपारी दोरीवर वाळत घातलेल्या सगळ्या तावांखाली आयोजकांनी ‘स्त्रीदेह’ एवढीच एक पाटी लावली, तेव्हा मला फार वाईट वाटले. तिथे कोणाच्या आजीचा परकर होता, कोणाच्या बहिणीचा शाळेचा झगा होता. प्रत्येकीची उंची, घाम, ठिगळ वेगळे होते आणि नाव मात्र एकीचेही नव्हते. मी तसे बोलून दाखवले. पुढच्या वेळी पाहू, असे उत्तर मिळाले. मी पेन्सिलीने तावाच्या कोपऱ्यात आईचे नाव लिहिले.

परतीच्या गाडीतली गर्दी एरवी मला असह्य होते. त्या दिवशी दोन वर्तमानपत्रांत ठेवलेला ओलसर ताव मांडीवर सांभाळण्यातच ठाणे आले.

घरी आईने चष्मा लावून रेघांवरून बोट फिरवले. बाहेरची रेघ थायरॉइडच्या दिवसांतली आणि मधली माझ्या जन्मानंतरची, हे मला ठाऊक होते. सर्वांत आतल्या रेघेवर तिचे बोट थांबले.

“ही पहिल्या पगाराची. तेव्हा तुझे बाबाही नव्हते.”

मग तिने बाह्या कुठे गेल्या असे विचारले आणि ताव दिव्याजवळ नेऊन त्यातले हिरवे धागे शोधू लागली.