काठाला दाबायचं

मी बटणं काढते. सॉफ्टवेअरच्या पडद्यावरची बटणं व्हेक्टरमध्ये, म्हणजे रेषा आणि आकारांच्या मापांत, रेखाटायची आणि मग त्यांचं टेम्प्लेट, म्हणजे बटणात काय काय असतं त्याचा साचा, कोडमध्ये बसवायचं, हे माझं काम. बटण म्हणजे एक चित्र, असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात एकाच बटणाची पाच रूपं काढावी लागतात: नेहमीचं, कर्सर वर आलेलं, दाबलेलं, फोकस असलेलं आणि बंद पडलेलं. त्यातलं बंद पडलेलं रूप सगळ्यात कठीण, कारण ते दिसलंही पाहिजे आणि खुणावताही कामा नये.

गोष्ट एका पॅकिंग लाइनच्या पडद्याची आहे. क्लायंटला सगळं 'हलकं' हवं होतं, म्हणून 'थांबवा'साठी मी पोकळ वर्तुळ घेतलं आणि त्यात पोकळ चौकोन. वर्तुळाचा व्यास 64 एकक. त्यांचे पडदे 125 टक्के स्केलवर चालायचे, म्हणजे प्रत्येक एकक सव्वा पिक्सेलचं. तिथे 3 एककांची रेषा पावणेचार पिक्सेलची होते आणि कडेला करडी धूळ साचल्यासारखी दिसते. म्हणून मी रेषा 3.2 केली, म्हणजे बरोबर 4 पिक्सेल. स्ट्रोक, म्हणजे दिसणारी रेषा, पाथच्या, म्हणजे आकाराच्या मूळ वाटेच्या, दोन्ही बाजूंना निम्मा-निम्मा पसरतो, त्यामुळे सम जाडीच्या रेषेचा मध्य पूर्ण पिक्सेलच्या सीमेवर बसवावा लागतो आणि विषम जाडीचा अर्ध्यावर. चौकोनाच्या बाहेरच्या कडा 26व्या पिक्सेलवर आणल्या, आतल्या 30व्या. भिंग लावून पाहिलं तरी कड सुरीने कापल्यासारखी. हे कोणी विचारत नाही, म्हणून इथे सांगून घेते.

क्लायंटने डिझाइन पीडीएफमध्ये पाहून मंजूर केलं. बटण पीडीएफमध्ये पाहून मंजूर करणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

तीन आठवड्यांनी तक्रार आली: 'थांबवा' कधी ऐकतं, कधी ऐकत नाही. आमच्या टीममधल्या एकाने ताबडतोब टच पॅनेलवर बोट ठेवलं. पॅनेल दोनदा कॅलिब्रेट झालं, मग बदललं. तरी तेच. ऑटोमेटेड टेस्ट रोज हिरव्या. माझ्या मशीनवर तर एकदाही चुकलं नव्हतं. शेवटी मला पाठवलं, बहुधा मी चिडचिड करत नाही असा समज असल्यामुळे.

लाइनवर एक ज्येष्ठ ऑपरेटर होते, सगळे त्यांना काका म्हणत. मी पोचले तेव्हा ते एका नव्या मुलाला शिकवत होते, "अरे, मधे नको दाबूस. काठाला दाब, काठाला." मुलाने वर्तुळाच्या रेषेवर बोट टेकवलं आणि लाइन थांबली.

मी पुढे झाले आणि मधोमध दाबलं. काही नाही. चौकोनाच्या पोटात दाबलं. काही नाही. रेषेवर दाबलं, बटण लाल झालं.

पोटात गोळा आला, कारण चूक क्षणात कळली होती. डब्ल्यूपीएफमध्ये, म्हणजे मी वापरते त्या विंडोजच्या पडदे बनवायच्या साधनात, आकाराला फिल, म्हणजे आतला रंग, दिलाच नाही, तर त्याचा आतला भाग क्लिकच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. क्लिक आरपार जातो. फिल 'ट्रान्सपरन्ट', म्हणजे पारदर्शक, दिला तर दिसायला तसूभरही फरक नाही, पण तिथे क्लिक लागतो. एसव्हीजी या वेबवरच्या व्हेक्टर चित्रांच्या प्रकारातही फिल 'नन', म्हणजे काहीच नाही, असला की साधारण असंच होतं. मूळ बटणाच्या टेम्प्लेटमध्ये पार्श्वभूमीची एक चौकट असते, ती हे काम गुपचूप करते. मी टेम्प्लेट मुळापासून नवं लिहिलं आणि ती चौकट माझ्या हलकेपणात उडाली. बोट कितीही जाड असलं तरी सॉफ्टवेअरला त्यातला एकच बिंदू कळतो, आणि तो बहुतेक वेळा पोकळीत पडत होता. तिथेच कागदावर हिशोब मांडला. वर्तुळाची रेषा 19 टक्के, चौकोनाची साधारण 8. म्हणजे माझं बटण जेमतेम 27 टक्के जिवंत होतं.

टेस्ट हिरव्या का? त्या ऑटोमेशनमधून बटणाला थेट हाक मारतात, माउस मधे येतच नाही. आणि माझ्या मशीनवर रुंद मांडणी होती, तीत आयकनखाली 'थांबवा' हा शब्द असतो. मजकुराच्या चौकोनावर क्लिक लागतो, आणि मी दर वेळी शब्दावरच क्लिक करत होते. लाइनवरच्या अरुंद पडद्यावर शब्द लपतो. महिनाभर मी स्वतःच्या चित्राच्या मधोमध एकदाही क्लिक केलं नव्हतं. वाचता येणारा माणूस अक्षरावरच बोट ठेवतो, एवढंच मला सुचतं, आणि ते पुरेसं वाटत नाही.

यंत्राची खरी आपत्कालीन कळ वेगळी आहे, लाल, टोपीची, स्वतंत्र वायरिंगची. त्यामुळे कुणाला इजा व्हायची नव्हती. खोके मात्र बरेच चेंबले होते.

काका म्हणाले, "मॅडम, हे चांगलं केलंत तुम्ही. चुकून धक्का लागून लाइन बंद पडू नये म्हणून ना?"

मी मान हलवली. होकारार्थी. का, ते अजून नीट सांगता येत नाही. तीन आठवडे त्यांनी माझ्या चुकीला नियम मानून चार पोरांना शिकवलं होतं, आणि ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. खरं सांगायला शब्द एकच लागला असता. कोडमध्येही एकच लागला: ट्रान्सपरन्ट. रात्री बदलून पाठवला.

दोन आठवड्यांनी काकांचा निरोप आला: आता बाहीचा धक्का लागला तरी लाइन थांबते, जुनं बटण परत मिळेल का? अर्धा सेकंद दाबून धरल्यावर थांबेल असं करू का, असं मी विचारलं, तर मॅनेजर म्हणाले, थांबवायला उशीर कशाला. त्यांचंही खोटं नाही. मग मी बटण खालच्या कडेवरून उचलून वर उजवीकडे नेलं, बाही पोचणार नाही अशा जागी. आकार तोच, रेषा तीच 3.2.

परवा पुन्हा गेले होते. काका अजून काठालाच दाबतात.