सव्वादोन इंचांची गोष्ट

"मामा, येताना बॅट आण," एवढाच भाचीचा निरोप होता. ताईने त्यात भर घातली, "बेसबॉलची हं. शाळेच्या टीममध्ये घेतलंय तिला." इथे ओहायोत मी चार वर्षं मुलामागे मैदानं हिंडतोय, त्यामुळे या बाबतीत स्वतःला जाणकार समजत होतो.

क्रिकेटच्या बॅटचं आपल्याकडे सोपं असतं. चार नंबर, सहा नंबर, मग शॉर्ट हँडल. वजन दुकानदार हातात तोलून सांगतो. इथे बॅटची अख्खी भिंत असते आणि प्रत्येकीवर आकडे: लांबी इंचांत, वजन औंसांत, शिवाय एक उणे चिन्हाचा आकडा. हा 'ड्रॉप'. ३१ इंची बॅट २१ औंसांची असेल तर ड्रॉप उणे १०. इंचांतून औंस वजा! आमच्या गणिताच्या बाईंनी बाकावर उभं केलं असतं. पण उपयोग आहे. लांबी तीच ठेवून उणे ५ घेतली तर बॅट जड, उणे १० घेतली तर हलकी. लहान मुलांना उणे १० वगैरे चालते; हायस्कूलला गेलं की उणे ३ पेक्षा हलकी वापरता येत नाही. म्हणजे ३३ इंचांची बॅट ३० औंसांची, साधारण ८५० ग्रॅम.

भाचीचं माप व्हिडिओ कॉलवर घेतलं. बॅटची मूठ छातीच्या मध्यावर टेकवून हात बाजूला ताणला की बोटं बॅटच्या टोकापर्यंत पोचायला हवीत. बॅट नव्हतीच, म्हणून ताईने शिवणाची टेप लावली. ३१ इंच.

दुकानात मुलाला कामाला लावलं. बॅट एका हातात आडवी धरून अर्धा मिनिट उभं राहायचं. हात खाली यायला लागला की ती जड. गंमत म्हणजे एकाच वजनाच्या दोन बॅटमध्ये त्याचा हात एकीला थरथरला, दुसरीला नाही. एकीचं वजन टोकाकडे होतं. हातोडा दांड्याकडून धरा आणि मग डोक्याकडून धरा, तसंच. शेवटी समतोल वाटणारी, ३१ इंच, २१ औंस अशी घेतली. विमानात ती केबिनमध्ये नेता येत नाही, म्हणून मोठ्या बॅगेत तिरकी ठेवून वर चॉकलेटं आणि बाबांच्या व्हिटॅमिनच्या बाटल्या रचल्या.

कोथरूडला पोचल्यावर बाबांनी आधी ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. "२१ औंस म्हणजे ५९५ ग्रॅम. हा ६२० दाखवतोय. फसवलंय तुला." छापील आकडा अनेकदा ढोबळ असतो, ग्रिपचंही वजन येतं, हे सांगून पाहिलं. त्यांचं पुढचं सुरू झालं होतं, "माझी क्लबची बॅट दोन पौंड नऊ औंस होती. या काठीने काय होणार?"

दुसऱ्या दिवशी भाची मैदानावरून तोंड पाडून परत आली. सरांनी बॅटच्या जाड भागाला माप लावलं आणि बाजूला ठेवली. ती खेळते सॉफ्टबॉल! ताईच्या लेखी दोन्ही एकच. बेसबॉलची बॅट २⅝ इंचांपर्यंत जाड असू शकते, काही लीगमध्ये पावणेतीन. सॉफ्टबॉलला मर्यादा सव्वादोन इंच. चेंडूचं मात्र उलट: सॉफ्टबॉलचा घेर १२ इंच, बेसबॉलचा जेमतेम ९. चेंडू मोठा आणि बॅट बारीक, हे माझ्या चार वर्षांच्या जाणकारीत कुठेच बसत नव्हतं.

बाबा मात्र खूश. "क्रिकेटला रुंदी सव्वाचार इंच, वजनाला मर्यादाच नाही. इथे सव्वादोनसाठी अडवतात होय!" त्यांनी ती बॅट स्वतःच्या खोलीत, कपाटाच्या बाजूला उभी केली. सोसायटीतले कुणी आले की काट्यासकट बाहेर येते.

मी ओहायोत परतल्यावर भाचीचा मेसेज आला. या वेळी ताईला मध्ये न घेता, सरळ सरांकडून लिहून घेतलेला: सॉफ्टबॉल, फास्टपिच (म्हणजे वेगवान चेंडूचा प्रकार), ३१ इंच, उणे १०, सव्वादोन. खाली एक ओळ: "मामा, आजोबा विचारतायत, काट्यावर वजन करून घेशील ना?"