गुडघ्याएवढा साग आणि माझं मॉडेल

एकशे चाळिसाव्या वर्षी माझ्या जंगलातला शेवटचा साग मेला.

रात्रीचे साडेअकरा झाले होते. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात आई-आजी केव्हाच झोपल्या होत्या आणि मी लॅपटॉपवर संगणकात चालवलेल्या माझ्या जंगलाचा एकेक नकाशा उघडत होते. शून्य साल, सगळं गडद हिरवं. पन्नास, फिकट. शंभर, नुसते ठिपके. एकशे चाळीस, कोरं. सागाच्या जागी तेंदू पसरलेला आणि कडेकडेने पळस. खोटं कशाला बोलू, मला आधी आनंदच झाला. प्रबंधाला याहून ठसठशीत निष्कर्ष कुठला मिळणार? ‘वणवे असेच लागत राहिले तर दीडशे वर्षांच्या आत साग संपेल.’ मथळासुद्धा मनात तयार होता.

हे जंगल म्हणजे खंडवा रोडने सिमरोल सोडलं की भेरूघाटात दोन्ही अंगांना लागतं ते, चोरल नदीच्या खोऱ्यातलं. इंदूरकरांना ते पावसाळ्यात आठवतं. पातालपाणीचा धबधबा, कालाकुंडचा पानातला कलाकंद, घरून नेलेले पोह्यांचे डबे. एप्रिलमध्ये तिकडे हौसेने कोणी जात नाही. सागाची पानं गळून पडलेली असतात, ताटाएवढी, पापडासारखी कडक, आणि पाऊल टाकलं की सबंध उतारावर आवाज जातो. फेब्रुवारीच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत हा सगळा पालापाचोळा एका काडीची वाट पाहत पडलेला असतो.

माझा प्रश्न साधा होता. ही आग दरवर्षी जमिनीलगत धावते, मोठ्या झाडांना फारसं काही करत नाही. मग खालच्या नव्या पिढीचं काय होतं, आणि खात्याने नेमकं कुठे हात घालावा? याचं उत्तर प्रयोग करून मिळत नाही. सागाचं आयुष्य दीड-दोनशे वर्षांचं, वनखात्याची कार्य आयोजना दहा वर्षांची, आणि माझी पीएच.डी. (सरांच्या मते) पाच वर्षांची. म्हणून संगणकातलं जंगल.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९७२ मध्ये बॉटकिन, जॅनक आणि वॉलिस यांनी ‘जाबोवा’ नावाचं मॉडेल केलं. एक झाड पडलं की वर उघडी जागा होते, त्या उजेडात कोण वाढेल याचा हिशेब ते झाडागणिक करायचं. पुढे मोठ्या भूप्रदेशांसाठी वेगळी घराणी निघाली. मी घेतलं ते ‘लँडिस-२’. फुकट मिळतं, आतला कोड उघडा आहे, आणि वणवा, वारा, कीड, तोड यांचे वेगवेगळे भाग हवे तसे जोडता येतात.

काम असं चालतं. जंगलाचे चौकोन पाडायचे. माझा एक चौकोन शंभर मीटर बाय शंभर मीटर, म्हणजे एक हेक्टर. चौकोनात झाडं मोजलेली नसतात. ‘साग, वय ३०’, ‘साग, वय ८०’, ‘धावडा, वय ५०’ अशी पिढ्यांची हजेरी असते. दुसऱ्या फाइलीत प्रत्येक जातीची एक ओळ. किती वर्षं जगते, कितव्या वर्षी बी धरते, सावली किती सोसते, आग किती सोसते (एक ते पाच), बी किती लांब जातं, तोडल्यावर किंवा जळल्यावर धुमारे फुटण्याची शक्यता किती, आणि कोणत्या वयापासून कोणत्या वयापर्यंत फुटतात. शेवटी वणव्यानंतर काय होतं ते लिहायचं. काहीच नाही, धुमारे, किंवा उष्णतेने उघडणारे शंकू. हा तिसरा पर्याय तिकडच्या पाइनसाठी आहे. आमच्या भेरूघाटात त्याला उमेदवार नाही.

तिथे जातींना लॅटिन नावाचे तुकडे जोडून हाका मारतात. साग ‘टेक्टग्रॅन’, तेंदू ‘डायॉसमेला’. एका फाइलीत मी एक अक्षर चुकवलं आणि तीन दिवस कार्यक्रम सुरूच होईना. त्या तीन दिवसांबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

शिवाय सगळा खेळ फाशांचा. ठिणगी कुठे पडेल ते संगणक फासे टाकून ठरवतो, म्हणून तेच जंगल पुन्हा पुन्हा चालवावं लागतं, दर वेळी ‘रँडम सीड’ (फाशांची सुरुवात ठरवणारा आकडा; सीड म्हणजे बी) बदलून. मी एकदा फोनवर सरांना म्हटलं, “बी बदलून पाहते.” आजी आतून म्हणाली, “आता कसली पेरणी? अजून होळी व्हायचीय.”

तर साग मेला, आणि दोन दिवसांनी मी तो निष्कर्ष मनात घेऊन जंगलात गेले. बरोबर त्या बीटचे, म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्याचे, नाकेदार होते. कागदावर ते वनरक्षक, पण आमच्याकडे सगळे नाकेदारच म्हणतात. मी त्यांना मोबाइलवर नकाशे दाखवले. त्यांनी शांतपणे पाहिले आणि मला वाटेच्या कडेला नेलं. तिथे सागाचं एक रोप होतं, माझ्या गुडघ्याएवढं, गेल्या वर्षीची काळी काटकी बाजूला आणि तिच्या बुडातून निघालेला नवा कोंब.

“हे किती वर्षांचं?” त्यांनी विचारलं.

“एक. फार तर दोन.”

ते हसले. “मॅडमजी, मैं नौ साल पहले इस बीट पे आया, तब से यहीं है. हर साल जलता है, हर साल उठता है.” मग खुरप्याने एका बाजूची माती सरकवली. खाली मनगटाएवढं जाड मूळ होतं, गाजरासारखं.

मला लाज वाटली, कारण हे मला माहीत असायला हवं होतं. सागाची लागवडच मुळी अशी करतात. रोपवाटिकेतलं वर्षाचं रोप उपटायचं, वरचा शेंडा बोटभर ठेवून कापायचा, आणि ते गाजर जमिनीत खोचायचं. ‘रूट-शूट’ म्हणतात. मी स्वतः विद्यार्थ्यांना हे शिकवलेलं आहे. तरी मॉडेलच्या ओळीत सागाला धुमारे फुटण्याचं किमान वय मी दहा लिहिलं होतं, कारण डोक्यात होती ती कूपातली (तोडीसाठी नेमलेल्या तुकड्यातली) तोड आणि तोडलेल्या खुंटावर येणारे धुमारे. तेंदूला मात्र एक लिहिलं होतं. तेंदू मुळांवरून फुटतो हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे माझ्या संगणकात तेंदू जिंकला आणि साग हरला, याचं कारण जंगलात नव्हतंच. ते माझ्या हाताने टंकलेल्या दोन आकड्यांत होतं.

त्यातून धागा उलगडत गेला. वणव्याच्या भागात एक तक्ता असतो. आगीची तीव्रता आणि झाडाची सोसण्याची ताकद यांतला फरक काढायचा, आणि त्यावरून आयुष्याच्या किती टक्क्यांच्या आतली पिढी मरते ते ठरतं. मी नमुन्यातला तक्ता तसाच उचलला होता. त्यात सौम्यातली सौम्य आगही वीस टक्क्यांखालच्यांना मारत होती. सागाचं आयुष्य मी दोनशे धरलेलं. म्हणजे चाळीस वर्षांचा, चांगला वाढलेला साग माझ्याकडे पालापाचोळ्याच्या आगीत मरत होता! प्रत्यक्षात साल जाड झाली आणि शेंडा ज्वाळेच्या वर गेला की अशी आग बुंध्याला काळं करून निघून जाते. तीव्रतेच्या तक्त्यातही तेच. शेवटच्या वणव्यानंतर किती वर्षांनी किती जोराची आग लागेल, ते आकडे नमुन्यात दशकांच्या हिशेबात होते. ज्या जंगलांत शतकात एखादी मोठी आग येते, त्यांच्यासाठी ते ठीक. १९८८ मध्ये यलोस्टोन पेटलं तशी. आमच्याकडे जळण एका उन्हाळ्यात पुन्हा तयार होतं. म्हणून मी काळाची पायरी (मॉडेल एका वेळी किती वर्षं पुढे जातं ती) दहा वर्षांवरून एक वर्षावर आणली. लॅपटॉप रात्रभर घरघरायला लागला, आणि सकाळी मिक्सरसाठी आईने दोनदा चार्जर काढला.

नव्या आकड्यांनी साग मेला नाही. नकाशा दोनशे वर्षं हिरवाच राहिला. मी सुटकेचा श्वास टाकला आणि सरांना पाठवला. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, “वयाचा नकाशा पाठव.”

वयाचा नकाशा उघडला तेव्हा खरी गोष्ट दिसली. साग सगळीकडे होता आणि जवळजवळ सगळीकडे पोरवयाचाच होता. जळायचा, फुटायचा, पुन्हा जळायचा. वरचे म्हातारे एकेक करून आयुष्य संपवत होते आणि त्यांच्या जागी यायला मधल्या वयाचं कोणी नव्हतं. मला नाकेदारांचं वाक्य आठवलं. ‘उठता है’ असं ते म्हणाले होते. ‘बढ़ता है’ असं नव्हते म्हणाले.

म्हणजे प्रश्न बदलला. ‘साग राहील का’ हे विचारून उपयोग नव्हता. विचारायचं होतं ते असं, की एका जागेला लागोपाठ किती वर्षं आगीपासून सुट्टी मिळाली तर ते गाजर एकदाचं वर निसटेल?

इथे आग खरंच कुठे लागते ते नीट कळायला हवं होतं. उपग्रहांना दिसलेल्या आगींचे बिंदू फुकट मिळतात. जुने, मोडिस नावाच्या उपग्रहावरच्या उपकरणाचे, २००० पासून, एक किलोमीटरच्या चौकोनात. त्यानंतरच्या व्हिआयआयआरएस या उपकरणाचे २०१२ पासून, ३७५ मीटरच्या. मी उत्साहाने सगळे उतरवले आणि जंगलाच्या उत्तरेच्या कडेला मार्चअखेर-एप्रिलमध्ये ठिपक्यांची अशी दाटी निघाली की डोळे पांढरे झाले. ते वणवे नव्हतेच. ती नरवाई. माळव्यात गहू काढला की शेतात उरलेले खुंट जाळतात, बंदी असली तरी. ३७५ मीटरच्या चौकोनात शेत आणि जंगलाची कड एकत्रच येतात. शेतं वगळून, एकेक बिंदू तपासून ती यादी गाळायला दीड महिना गेला. उलटही घडतंच. व्हिआयआयआरएसचा उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमाराला डोक्यावरून जातो. सकाळी सातला लागून दहाला विझलेली आग त्याच्या हिशेबी लागलेलीच नसते.

शेळ्यांसाठी तर मी चालवलेल्या मॉडेलमध्ये रकानाच नाही. पालवी आगीतून वाचली तरी चराईतून वाचेलच असं नाही. प्रबंधात मी हे एका परिच्छेदात कबूल केलंय. खरं तर त्याला प्रकरण हवं.

शेवटी मी तीन परिस्थिती चालवल्या, प्रत्येकी तीस वेळा. पहिली, आहे तसं चालू द्यायचं. दुसरी, जाळरेषा (आग अडावी म्हणून साफ केलेले पट्टे) आणि मजूर सगळ्या कक्षांत, म्हणजे वनखात्याने पाडलेल्या जंगलाच्या भागांत, थोडे थोडे वाटायचे, जेणेकरून सगळीकडे आग थोडी कमी होईल. तिसरी, थोडेच कक्ष निवडायचे, तिथे काही वर्षं आग येऊच द्यायची नाही, पोरं निसटली की पुढचे कक्ष. दुसऱ्या परिस्थितीचा मला भरवसा होता, कारण ती न्याय्य वाटते आणि बैठकीत कोणी नाराज होत नाही. माझ्या संगणकातल्या जंगलात मात्र तिचा आणि पहिलीचा वयाचा नकाशा जवळजवळ सारखाच आला. आग दर वर्षाऐवजी दर तीन वर्षांनी आली तरी गाजराला निसटायला वेळ अपुराच पडत होता. तिसरीत मधल्या वयाचे पट्टे उमटले, ओबडधोबड, पण उमटले. किती वर्षांची सुट्टी पुरते ते मी धरलेल्या सालीच्या जाडीवर अवलंबून आहे, त्यामुळे तो आकडा मी कोणाला छातीठोकपणे सांगत नाही.

सादरीकरणात एका वन अधिकाऱ्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, “ठीक है, पहले कौन से कक्ष?”

मी बिंदूंच्या गर्दीवरून पाच कक्ष दाखवले. मागच्या भिंतीला टेकून नाकेदार उभे होते. चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यातले दोन कक्ष माझ्याच्याने वाचणार नाहीत, त्यात मोहाची झाडं आहेत. मोहाची फुलं रात्रीतून गळतात, बायका-पोरं पहाटे वेचायला येतात, आणि फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला आधी जाळून टाकतात. तीच आग नंतर उतारावर पळते. सकाळची आग. माझा उपग्रह तेव्हा भलतीकडे असतो. माझ्या मॉडेलमध्ये ठिणगी कुठेही पडू शकत होती. त्यांच्या बीटमध्ये ती ठरलेल्या झाडांखाली पडते, आणि ती झाडं कोणत्या घरची हेही त्यांना पाठ आहे.

“जाळण्याऐवजी खाली जाळी अंथरली तर?” मी विचारलं.

“जाळी आणून द्या,” ते म्हणाले, “मग विचारू.”

तेव्हापासून आम्ही दोघं मोहाची झाडं नकाशावर घेतोय, मी जीपीएस धरून आणि ते पुढे चालत. आतापर्यंत एकेचाळीस झाली. नाल्यापलीकडची राहिली आहेत, ती फुलं पडायच्या आत उरकायचीत.